आधीच्या ताईंचं वजन

४ जून

चि. खारूस मामाचे अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? तिला म्हणावं, गंजलेली बिजागरी आदळून सुटत नाही, तेल लागतं आणि थोडी चाल लागते. बाबांचा खोकला? गेला असं ते म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस, आईला विचार. धाकट्याची किडकी दाढ निघाली, की अजून दाताच्या डॉक्टरांची पाटी बघून पळतोय? खालच्या शिंपीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, आता सुईत दोरा जातो का त्यांचा? आणि तू? वाढदिवसाला आलीस तेव्हा दुकानातल्या काट्यावर साडेसत्तेचाळीस भरलीस. तुला टोपलीत घालून तोलायचो तेव्हापासून दर वाढदिवसाला तुझं वजन घेतोय. घट कधी आली नव्हती, यंदा आली. तुझ्या आईचं पत्र आलं आणि कारण कळलं. पोरगी विचारानं वाळतेय.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? सरळ मला विचारायचं. मेडिकल असिस्टंटची पदवी घ्यायची, की जो दवाखाना तुला पदवीशिवायच घ्यायला तयार आहे, शिकवतो म्हणतोय, तिथे लागायचं, हा प्रश्न. मला समजलं ते असं. काम दोन्हीकडे एकच. पेशंटला आत बोलवायचं, वजन घ्यायचं, रक्तदाब, नाडी, ताप मोजायचा, डॉक्टर सांगतील तेव्हा सुई टोचायची, आणि घाबरलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे. पदवीला दोन वर्षं.

मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, मला तोलल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून तोललं. फी म्हणजे दवाखान्याचा दोन वर्षांचा पगार. ती दोन वर्षं तू कमावणार नाहीस, म्हणजे आणखी दोन वर्षांचा बुडाला. एका पारड्यात चार वर्षं. पदवीवालीला पगार दीडपट, म्हणजे दुसऱ्या पारड्यात वर्षाकाठी अर्ध्या वर्षाचा जास्तीचा. काटा मध्यावर यायला पदवीनंतर आठ वर्षं, आणि कर्जाचं व्याज पासंगाला वेगळंच. तिशीला पोचलीस की बरोबरी, फायदा नंतर.

मला विचारशील तर नोकरी घे. मी कुठल्या शाळेत काटे शिकलो? भंगारातला एक काटा उघडला, बिघडवला, परत बसवला. आज बाजारपेठेतला प्रत्येक दुकानदार माझ्याकडेच येतो. हात शिकतो, कागद नाही.

आईला दाखव हे पत्र. ती माझ्यावर चिडेल, मग चहा करेल, मग पटेल.

तुझा,
मामा

*

२० जुलै

ती. मामांस सा. न.

आईचा गुडघा कुरकुरतोच आहे आणि आईही. बाबांचा खोकला आहे. दाढ निघाली, धाकट्यानं ती डबीत ठेवलीय आणि पाहुण्यांना दाखवतो. शिंपीणबाई आता सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात आणि सबंध जिन्याला बोलावून दाखवतात. आई चिडली, तिनं चहा केला, पण पटलं नाही. तरी मी नोकरी घेतली.

दवाखाना एका कुलपांच्या दुकानावर आहे, दुसरा मजला. बाहेर तीन बाकं, दुधी काचेचं दार, आत हिरवा पडदा. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, दमलेल्या आहेत, मला दोनदा समजावून सांगतात. पैसे घेणारे आणि नावं लिहिणारे एक काका आहेत, त्यांना सगळे पावतीकाका म्हणतात. ते पेशंटपेक्षा जास्त कण्हतात.

इथली एक रीत तुम्हाला आवडेल. पूर्वी सकाळी एक ताई असायची, दुपारनंतर दुसरी. छातीवर टाचायचं एक उलटं घड्याळ आहे, नाडी मोजायचं. जाणारी ते काढून द्यायची आणि म्हणायची, "दिलं." येणारी ते टाचून म्हणायची, "घेतलं." ते शब्द झाल्याशिवाय जाणारीनं दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, घरी आग लागली तरी. डॉक्टरबाईंच्या वडिलांनी ही शिस्त लावली होती, पेशंट मध्येच वाऱ्यावर पडू नये म्हणून. आता दिवसभर मी एकटीच. मी आले तेव्हा घड्याळ नुसतं खणात होतं. पावतीकाका म्हणाले, "टाच. आता द्यायला कोण आहे."

माझ्याआधी इथे एक ताई होत्या. वीसहून जास्त वर्षं होत्या. "त्या गेल्या," एवढंच सगळे म्हणतात.

काम जमतंय. फक्त एक विचारायचं होतं, तुमच्याच धंद्यातलं. इथे माणसं तोलायचा जुना काटा आहे, उभा खांब आणि वर ताटाएवढी गोल तबकडी. सकाळी मी पडदा सारते तेव्हा त्याच्यावर कुणी नसतं, पण काटा एकसष्टावर असतो. मी जवळ गेले की हळूहळू शून्यावर येतो. दिवसभर मग नीट चालतो.

आणि पेशंट फार विसराळू आहेत. मी रक्तदाबाची पट्टी हाताला गुंडाळायला घेते तर म्हणतात, "घेतलं की मघाशी, त्या ताईंनी." मी विचारते कोणत्या, तर पडद्याकडे बघतात.

असो. तुम्हाला अजून वाटतं ना, की पदवी परवडत नाही? सहज विचारलं.

तुमची,
खारू

*

२८ जुलै

चि. खारूस आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो. काटा सकाळी एकसष्ट दाखवतो म्हणून भाची घाबरली, आणि मामाचा सगळा जन्म काट्यांशी भांडण्यात गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अगं, त्या काट्याची स्प्रिंग म्हातारी झालीय. दवाखाना बंद असला की गारठते, आखडते, कुणी आलं की जमीन हलते आणि ती सुटते. माझी कंबर सकाळी तशीच असते. काच काढ, चार स्क्रू आहेत. काटा दोन बोटांत धरून हलकेच उपट, आणि सकाळी तो एकसष्ट दाखवत असतानाच शून्यावर बसव. जोर लावू नकोस, तो काटा आहे, तुझ्या धाकट्याची दाढ नाही.

पेशंटचं म्हणशील तर, आजारी माणसाला आदल्या खेपेचं आणि या खेपेचं एकच वाटतं. वीस वर्षं एकच हात मनगट धरत होता. सवय जायला वेळ लागतो. तुझी मामी गेल्यावर मी कितीतरी दिवस दोन कप काढायचो.

आणि हो, परवडत नाहीच. आठ वर्षं म्हणालो ना? तू काम शिकलीस की डॉक्टरबाई पगार वाढवतील, म्हणजे बरोबरी आणखी लांब गेली. ज्या कामाचा हात तुला फुकट मिळतोय त्याची फी कशाला भरायची?

बाबांच्या खोकल्याला डॉक्टरबाईंना दाखव. तिथेच आहेस तर काखेत कळसा आणि गावाला वळसा नको.

मामा

*

१९ ऑगस्ट

ती. मामांस सा. न.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. सकाळी काटा एकसष्टावर होता, या वेळी मी जवळ गेले तरी हलला नाही, तो उपटून शून्यावर बसवला. मग काच लावली. तोवर काही झालं नाही. मग मागे वळून पाहिलं तर काटा शून्याच्या खाली चालला होता. मामा, हळूहळू गेला, कुणी काट्यावरून खाली उतरावं तसा.

त्या दिवशी पहिले पेशंट बेकरीवाले होते. पोट सांभाळत काट्यावर चढले आणि भरले एकतीस किलो. त्यांना इतका आनंद झाला की पावतीकाकांना हाक मारली. काका आले, तबकडीकडे पाहिलं, हिशेब केला, आणि बाकावर बसले. म्हणाले, "परत होता तसा बसव. त्यांना उगीच हलवू नकोस."

मग त्यांनी सांगितलं.

आधीच्या ताई याच दवाखान्यात हाताखाली शिकल्या. दर वर्षी म्हणायच्या, यंदा पदवीचा अर्ज भरते. दर वर्षी हिशेब करायच्या, फी एवढी, पगार बुडणार एवढा, भरून यायला इतकी वर्षं. आणि म्हणायच्या, परवडत नाही, हात तर शिकलाच आहे. पुढे दुपारची ताई सोडून गेली, तिच्या जागी दुसरी यायची होती. आधीच्या ताई त्या दिवशी सकाळपासूनच घामानं भिजल्या होत्या. डॉक्टरबाईंनी घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, "घड्याळ घ्यायला ती येऊ दे." नवी आलीच नाही. ताई काट्याजवळच कोसळल्या. घड्याळ नंतर कुणीतरी काढून खणात टाकलं.

काका म्हणाले, "त्यांना 'घेतलं' असं कुणी म्हटलंच नाही गं."

मामा, आता खरं सांगते, मागच्या पत्रात लपवलं होतं. पट्टी मी हातात घेते तेव्हा गरम असते, नुकती कुणाच्या दंडावरून सोडल्यासारखी. पेशंट सांगतात, त्या ताई पट्टी आधी तळव्यात धरून ऊब देतात, गार लागू नये म्हणून. आणि पडद्याआडून मला आकडा ऐकू येतो. मी मोजते, तर तोच आकडा. त्यांचं माप कधी चुकत नाही. त्या कुणाला त्रास देत नाहीत. मलाच कळत नाही की मी तिथे काय करते.

काल एका आजीबाईंनी विचारलं, "तू पण इथेच शिकलीस का, त्यांच्यासारखी?" मी हो म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

कॉलेजचा दुसरा प्रवेश नव्या वर्षाच्या सुरुवातीला आहे, अर्ज ऑक्टोबर संपेपर्यंत. आता तुमचं काय म्हणणं?

खारू

*

२६ ऑगस्ट

चि. खारूस अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन दिवस उत्तर लिहायला बसलो नाही, दुकानातले सगळे काटे उगीच पुन्हा पुन्हा तपासत बसलो. भूतबित मी मानत नाही, पण काट्याला मानतो. काटा एकसष्ट म्हणतोय तर तिथे एकसष्ट किलो उभं आहे. तो खोटं कशाला बोलेल, त्याला कुणाकडून काय हवंय?

मला भीती नाही वाटली, मला वाईट वाटलं. एक बाई इतके दिवस ताटकळत उभी आहे आणि तिला 'जा आता' म्हणायला कुणी नाही. आपल्या घरी पाहुणा दारात तिष्ठत उभा राहिला तर आपण काय करतो? तसंच कर. सकाळी लवकर जा, काट्यासमोर उभी राहा, घड्याळ हातात घे आणि मोठ्यानं म्हण, "ताई, घेतलं." घड्याळ छातीवर टाच. बघ, सुटतील त्या.

मग तुझी भीती जाईल, काम हाताला बसेल. पदवीचं म्हणशील तर एक वर्ष थांब. ज्या जागेला ऊब आहे ती उगीच का सोडायची? पुढल्या वर्षी पुन्हा तोलू. कॉलेज काही पळून जात नाही.

बाबांचा खोकला दाखवलास का, ते लिहिलं नाहीस.

मामा

*

३० सप्टेंबर

मामा,

तुमचं ऐकलं आणि बरं झालं. मी म्हटलं, "ताई, घेतलं." काटा एकसष्टावरून थेट शून्यावर आला आणि तिथेच राहिला. खोलीत कुणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून पट्टी गार असते. मी ती तळव्यात धरून गरम करते.

आता काम फार छान चाललंय. डॉक्टरबाई म्हणतात मी एकदम तयार झाले. मी माप सांगते, त्यांना दुसऱ्यांदा मोजावं लागत नाही. रविवारी घरी करमत नाही, म्हणून येऊन बसते. पदवीचा हिशेब मीही पुन्हा केला. फी एवढी, पगार बुडणार एवढा, भरून यायला इतकी वर्षं. परवडत नाही. हात तर शिकलाच आहे. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू.

एक गंमत सांगायची राहिली. काटा पुन्हा तसंच करायला लागलाय, पण एकसष्ट नाही. सकाळी मी पडदा सारते तेव्हा चाळिसाच्या वर कुठेतरी असतो. साडेसत्तेचाळीस वगैरे. आणि काल मी जिना चढत होते तर आजीबाई खाली उतरत होत्या, म्हणाल्या, "इतक्यात वर होतीस ना? आत्ताच तर माझी नाडी बघितलीस." विसराळू आहेत.

खारू

*

६ ऑक्टोबर

चि. खारूस,

तुझं पत्र आलं, त्याच दिवशी तुझ्या आईचंही. आधी तिचं सांगतो. ती लिहिते, पोरगी घरी येते, जेवते, झोपते, पण जिन्यावर पावलं वाजत नाहीत. शिंपीणबाई म्हणाल्या म्हणे, पूर्वी खारू चढली की माझी सुई हलायची, आता कळतही नाही. आई म्हणते तू हलकी झालीस. मी तिला लिहिलं, कामानं होतं. खोटं लिहिलं.

साडेसत्तेचाळीस कुणाचे, ते तू विसरलीस? मी विसरणार नाही. ते माझ्या दुकानात, माझ्या काट्यावर, तुझ्या वाढदिवसाला भरले होते.

तू पत्रात कुणाची खुशाली लिहिली नाहीस. अशी तू कधी नव्हतीस.

एक काम कर. दवाखान्याचा काटा नको. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पोत्यांचा मोठा काटा आहे, तो मीच बसवलाय, त्यात एक तोळाही इकडचा तिकडे होत नाही. त्याच्यावर उभी राहा. काय भरतेस ते लिही, लगेच.

मामा

*

१२ ऑक्टोबर

मामा,

वाण्याच्या काट्यावर उभी राहिले. अठरा. वाणी हसला, म्हणाला, मामांना बोलवा, त्यांचा काटाही म्हातारा झाला. मग एक पोतं ठेवून बघितलं तर बरोबर होता. मग तो हसला नाही.

दुखत काहीच नाही. उलट पाय दुखायचे ते थांबलेत. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावताना मात्र वाटतं की मी आतच राहिले आणि कुलूप दुसरंच कुणी लावतंय.

मला सुटी मागायची आहे. कुणाकडे मागायची ते आठवत नाही.

खारू

*

१५ ऑक्टोबर

माझ्या खारे,

मी येतोय. हे पत्र माझ्या एक दिवस आधी पोचेल, म्हणून सगळं यातच लिहितो, समोर बोलताना मला रडू येईल आणि पावतीकाका कण्हतील.

मी तुला उंटावरून शेळ्या हाकत सल्ला दिला. काट्यात काय चुकलं ते आता कळलं. मी फी तोलली, पगार तोलला, व्याज तोललं, आणि एक वस्तू पारड्यात घालायचीच राहिली. पदवीच्या कागदावर लिहिलेलं असतं की अमुक तारखेला हिचं शिकून झालं. कुणीतरी सही करून सांगतं, झालं, जा आता. मी काटे आपापला शिकलो, मला असं कुणी सांगितलं नाही. म्हणून अजून दुकानाला कुलूप लावलं की अर्ध्या वाटेवरून परत फिरतो, वाटतं काहीतरी राहिलं. मी त्याला कष्टाळूपणा समजत होतो. त्या ताईंना पण कुणी सांगितलं नाही. हाताखाली शिकणाऱ्याचं शिकणं संपतच नाही, बाळा, आणि ज्याचं शिकणं संपलं नाही त्याला निघता येत नाही. त्या दीडपट पगारातला दीड नाही गं महत्त्वाचा. तो निघायचा दिवस महत्त्वाचा. तो किती किलोचा असतो, ते आता वाण्याच्या काट्यावर दिसलं.

आता ऐक. मी दवाखान्यात येईन. तू मला नमस्कार करू नकोस, खुशाली विचारू नकोस, चहा विचारू नकोस. छातीवरचं घड्याळ काढायचं, माझ्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, "दिलं." पुढचं मी म्हणेन. मी म्हटलं की मागे न बघता जिना उतरायचा. खाली कुलपाच्या दुकानापाशी तुझी आई उभी असेल, गुडघा घेऊन. दोघींनी सरळ कॉलेजात जाऊन अर्ज भरायचा. अर्धी फी माझी. नवीन लेथसाठी साठवलं होतं, पण या वयात मला लेथ काय करायचंय, मी काय त्याच्याशी कुस्ती खेळणार?

डॉक्टरबाईंना मी लिहिलंय. सुई टोचायला त्या शिकलेली मुलगी ठेवतील. मी नुसता काट्यापाशी उभा राहीन, माणसं तोलीन. तेवढं मला येतं.

तू नको म्हणशील. म्हणू नकोस. तुझी सगळी वर्षं पुढे आहेत, माझ्या पारड्यात आता उरलंय काय, दोन कपांतला एक.

मामा

*

२ मार्च

चि. खारूस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? त्या दिवशी ती कुलपाच्या दुकानापाशी उभी होती तेव्हा मी वरच्या खिडकीतून पाहिलं, तू आलीस तशी ती गुडघा विसरून पळाली. म्हणजे दुखणं निम्मं मनाचं. बाबांचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. धाकटा डबीतली दाढ शाळेत घेऊन गेला आणि मार खाल्ला, हे वाचून जास्त बरं वाटलं. शिंपीणबाईंना म्हणावं, सुई हलली का? तू चढलीस की आता हलते, असं तुझ्या आईनं लिहिलंय. वाण्यानं तुला पुन्हा तोललं आणि शेहेचाळीस भरलीस, ते पत्र मी दोनदा वाचलं, मग पावतीकाकांना वाचून दाखवलं. ते कण्हले, पण आनंदानं.

पहिल्या परीक्षेत नाडीच्या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण मिळाले म्हणतेस. मिळणारच. पण तिथल्या बाईंना सांगू नकोस कुठे शिकलीस ते.

माझं इथलं बरं चाललंय. नवी मुलगी आलीय, पदवीवाली. चुणचुणीत आहे. पाच वाजले की पर्स उचलते, "येते मामा" म्हणते आणि जिना उतरते, पावलं खाडखाड वाजतात. तिला कुणी अडवत नाही, तिची पट्टी कधी गरम नसते. मला बघायला गंमत वाटते. मी नुसतं वजन घेतो. बेकरीवाले आले की काटा खरा आकडा दाखवतो आणि ते माझ्यावर रुसतात. आजीबाई म्हणतात, "मामा, मघाशीच घेतलंत की वजन." मी म्हणतो, हो, घेतलं असेल. मी तेव्हा जिन्यात होतो, पण त्यांच्याशी कशाला वाद घाला.

आधीच्या ताई पुन्हा आल्या नाहीत. कुठे गेल्या असतील तिथे बसल्या असतील पाय सोडून.

माझी काळजी करू नकोस. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली एवढंच. पाय अजिबात दुखत नाहीत, आणि दुकान बंद केल्यापासून प्रथमच मला अर्ध्या वाटेवरून परत फिरावंसं वाटत नाही, कारण मी जातच नाही.

तू पदवी पुरी कर. तो तारीख लिहिलेला कागद हातात घे, फ्रेम कर, भिंतीवर लाव. मग वाटलं तर एकदा मला भेटायला ये. दारातून काय हवं ते बोल, भांड, हस, माझ्या पट्ट्याची थट्टा कर. फक्त एक शब्द तोंडातून काढू नकोस. मी घड्याळ पुढे केलं तरी काढू नकोस. मी आपण होऊन ते पुढे करणार नाही, पण हल्ली हात माझं सगळंच ऐकतात असं नाही.

आणि उत्तर लवकर पाठव. नुसतं मागतोय असं नाही, कारण सांगतो. परवा सकाळी मी काट्यावर उभा राहिलो, तो शून्यावरून हलला नाही. मग पोस्टमन आला, तुझं पत्र खिशात घातलं आणि सहज पुन्हा चढलो. काटा हलला, खारे. थोडासाच, पण मी काटेवाला आहे, मला दिसतो. म्हणून म्हणतो, लवकर लिही, आणि लांबलचक लिही.

तुझा,
मामा